उजव्या बरगडीखाली

सत्तावीस वर्षं मी शेव चाखली.
पगार त्याचाच.
पालद्याच्या कारखान्यात घाणा उतरला
की झाऱ्यावरची पहिली मूठ माझ्यापुढे,
आणि मी सांगायचो : लवंग चढली,
मीठ बसलं, ओवा उद्या जरा हात राखून.
दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही.
एवढी एक मूठ.
दिवसातून चाळीस वेळा.

सोनोग्राफीवाल्या पोरीनं पोटावर गार जेल फासलं.
"ग्रेड टू," ती पडद्याला म्हणाली, मला नाही.
पडद्यावर माझं यकृत
पौषात थिजलेल्या तुपासारखं पांढुरकं.

यकृतालाच पूर्वी काळीज म्हणत,
हे मला रामबागेतल्या गर्गे वैद्यांनी सांगितलं.
डावीकडे धडधडतं ते नव्हे हो,
हे. उजवीकडचं. मुकं.
टेम्पोत बसून मी हिशोब केला :
आजवर माझं काळीज तुटलं, चर्र झालं,
थोरलीच्या लग्नात सुपाएवढं झालं,
धाकट्याच्या अपघातात पाणी पाणी झालं.
एवढ्या धामधुमीत
तेल आत शिरलं कधी?

सियागंजात गेंदालालच्या दुकानी
गोण्यांची तोंडं दुमडलेली :
काळमेघ, भुईआवळा, मकोय,
आणि उंदराच्या वाळल्या शेपटीगत कुटकी.
तो म्हणतो साटी, वैद्य म्हणतात पुनर्नवा,
आई परसातून उपटून फेकायची ती घेटुळी.
तिघींचं मूळ एकच.
"बाबूजी, कडवी है," पुडी बांधता बांधता तो हसला,
"मीठे में तो आप फँसे हो."
मी म्हटलं, गोडात नाही रे, खाऱ्यात.

हेमलता पहाटे काढा ठेवायची.
चार पेले पाणी आटून एक.
घरभर तो वास, पडद्यांना, उशांना,
शेजारच्या चौरेबाई विचारून गेल्या, काय जळलं?
आणि माझी जीभ,
जिच्यावर पाच माणसांचं घर चाललं,
ती दुपारपर्यंत कडूच.
मीठ कळेना. लवंग लांबून कुठून तरी यायची.
एक दिवस चक्क रतलामहून फोन आला :
"सेठ, समुंदर भेजा है क्या?"

बन्सीधर सेठ काही बोलले नाहीत.
गोदामाची किल्ली पुढे सरकवली फक्त.
तिसरा माळा. डबे मोजा, उतरा, पुन्हा चढा.

डॉक्टर निगम मात्र बोलले.
"पुड्या आधी इथे टेबलावर ठेवा.
जडीबुटी आहे म्हणून निरुपद्रवी नसते.
मागच्या महिन्यात एक आला, डोळे हळदीसारखे,
पिशवीत अकरा चूर्णं."
मग त्यांनी दोन ठेवल्या, तीन बाजूला सारल्या,
रक्त तपासायला लावलं,
आणि विचारलं, चालता किती?
मी म्हटलं, जिने मोजलेले नाहीत.

आठ महिन्यांनी ग्रेड वन.
वैद्य म्हणाले, कुटकी.
हेमलता म्हणाली, पहाटे उठत होते मी.
निगम म्हणाले, सात किलो.
गेंदालालनं न मागता अजून एक पुडी दिली,
ती मी कपाटावर ठेवली आहे, बंद.
काळीज काहीच म्हणालं नाही.
त्याची रीतच ती.

गोदामाच्या पायरीच्या फटीत
या श्रावणात भुईआवळी उगवली.
पान उलटवलं तर खाली
मोहरीएवढ्या आवळ्यांची रांग,
वरून पाहणाऱ्याला पत्ता नाही.
एक पान चावलं.
मग नळाखाली ओंजळ धरली.
जलूदहून एवढे डोंगर चढून आलेलं नर्मदेचं पाणी
इतकं गोड असतं,
हे चाखणं माझ्या नोकरीत नव्हतं.

काल नवा पोरगा, भूपेंद्र,
धापा टाकत वर आला. मुठीत गरम शेव.
"काका, जरा बघा ना. मला कळतच नाही."
मी एक काडी घेतली.
एकच.
मीठ जास्त होतं.
सांगितलं.